गयाचं पथ्य

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, बदनापूर स्टेशनात पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलायचे, आणि आमचं क्वार्टर रुळांना इतकं लागून होतं की मालगाडी चालली की घरातलं बोलणं थांबायचं. कुणी काही सांगत असलं तर तो तसाच थांबायचा आणि शेवटचा डबा गेला की वाक्य जिथं तुटलं तिथून पुन्हा जोडायचा. पाहुण्यांना त्याचं हसू यायचं, आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नसे. काळ्या दगडाच्या दोन खोल्या, वर पत्रे, मागं न्हाणी आणि एवढंसं अंगण. इंजिनातून पडलेले अर्धवट जळके कोळसे माय सकाळी घमेल्यात वेचून आणायची आणि शेगडीत घालायची. त्या निखाऱ्यांवर भाजणाऱ्या हिरव्या मिरच्यांचा ठसका, पाट्यावर ठेचा रगडल्याचा आवाज, डोक्यावर तापत जाणारा पत्रा, ह्यातच माझी सगळी शाळा झाली. आई-बापाला मी एकटीच. माझं नाव कुशावर्ता, पण कुशी म्हटल्याशिवाय मला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. मायला माझी माया नव्हती असं नाही, पण ती कामातून यायची. ताटात भाकरी गरम पडायची, परकर धुतलेला असायचा, वेणी इतकी घट्ट पडायची की डोळे ताणले जायचे. अंगावरून हात फिरवणं, जवळ घेणं हे तिच्या हातून होत नसे, आणि सगळ्याच आया अशा असतात असं मी धरून चालले होते. म्हणूनच पुढं जे दिसलं ते मला सोसलं नाही.

मी दहावीत गेले त्या जूनमध्ये गया आमच्याकडं आली. ती माझी मावसबहीण, जाफराबादकडच्या एका खेड्यातली, माझ्याच वयाची. तिची आई, म्हणजे मायची धाकटी बहीण, गया सात वर्षांची असतानाच गेली होती. मावसानं दुसरं लगीन केलं. माणूस वाईट नव्हता, सावत्र आईही छळणारी नव्हती, पण पोरीला पुढं शिकवायचं काही त्यांच्या मनात नव्हतं. मायनं स्वतः एसटीनं जाऊन मावसाला गळ घातली की एक वर्ष पोरगी माझ्याकडं द्या, मॅट्रिक होऊ द्या, मंग तुमच्या मनासारखं करा. गया आली ती एक पत्र्याची पेटी आणि दोन वेण्या घेऊन. दिसायला हुबेहूब तिच्या आईसारखी. माय हे शेजारणींना सांगायची तेव्हा तिचा आवाज निराळाच व्हायचा.

गया हुशार होती, हसरी होती, पण तिच्या अंगात उष्णता फार. पहिल्याच महिन्यात तिचं तोंड आलं, जिभेवर लाल फोड उठले. तळहात-तळपाय जळायचे, म्हणून ती झोपताना पाय उघड्या फरशीवर टेकवायची. भादव्याच्या उन्हात एक दिवस शाळेतून येताना तिचा घोळणा फुटला आणि पांढऱ्या ब्लाउजवर रक्ताचे थेंब पडले. मी तिचं दप्तर घेतलं, नाक चिमटीत धरून तिला घरी आणलं. मायनं तिला बघितलं आणि ती जाग्यावर उभीच राहिली. मायला मी साप मारताना बघितलं होतं, पण इतकी घाबरलेली कधी बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही तिघी जालन्याला गेलो. तिथं बाजाराच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे वैद्य बसायचे. गादीवर मांडी घालून, कानात अत्तराचा बोळा, आवाज अगदी हळू. त्यांनी गयाची नाडी कितीतरी वेळ धरून ठेवली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, जीभ बघितली, मग मायला सगळं समजावून सांगितलं. पित्त नुसतं खाण्यानं वाढत न्हाई, उन्हात हिंडल्यानं, उपाशी राहिल्यानं, जागरणानं, चिडचिड केल्यानंही वाढतं. मिरची, लसूण, तीळ, कारळं, शेंगदाणे, गूळ, वांगं, चहा, सगळं बंद. बाजरी न्हाई, ज्वारी चालेल. मुगाचं वरण, दुधी, पडवळ, दूध, साजूक तूप, मोसंबी, भिजवलेल्या काळ्या मनुका. धने-जिरे रात्री भिजत घालून सकाळी ते पाणी खडीसाखरेशी. जेवणाची वेळ चुकवायची न्हाई. आणि निजताना तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीनं चोळायचं.

एवढं सगळं एकट्या गयासाठी होणार, हे मला ऐकवेना. मी हात पुढं केला आणि वैद्यांना म्हटलं की मला पण गरमी होते, माझे पण पाय जळतात. त्यांनी माझीही नाडी बघितली, दोन क्षणांत सोडली, आणि मायकडं बघून हसत म्हणाले, "ही थंड प्रकृतीची हाय. मजबूत. हिला काहीच नको."

मायला किती बरं वाटलं ते तिच्या तोंडावर दिसलं. परतीच्या गाडीत तिनं ते दोनदा बोलून दाखवलं, घरी आल्यावर दादांना सांगितलं, नळावर शेजारणींना सांगितलं. कुशीला काही लागत न्हाई. आज मला कळतं की आईच्या तोंडी ह्याहून सुखाचं वाक्य नसेल. तेव्हा मात्र मला वाटलं की माझ्या नावानं काही द्यायचंच नाही असा निवाडा झाला.

मग आमच्या घराची तऱ्हाच बदलली. माय पहाटे उठून आधी धन्याचं पाणी गाळायची. स्टेशनमास्तरांच्या बागेतल्या गावठी गुलाबाच्या पाकळ्या मागून आणून तिनं खडीसाखरेत थर लावले आणि ती गुलकंदाची बरणी रोज उन्हात ठेवायची, सावली सरकली की बरणी सरकवायची. दादा ओळखीच्या बागवाल्याकडून मोसंब्या आणायचे. त्या गयासाठी सोलल्या जायच्या आणि मला घरातल्या माणसाची म्हणून एक फोड मिळायची. माठात वाळा पडला. तो माझ्याही पाण्याला लागायचा, पण तो माझ्यासाठी घातलेला नव्हता, म्हणून मला त्याचा वास आवडत नसे. आणि रोज जेवणं झाली की माय गयाचे पाय मांडीवर घ्यायची. तूप लावायची, काशाची वाटी गोल गोल फिरवायची, तूप काळं पडेस्तोवर. त्या वेळी ती गयाशी काहीतरी बोलायची, हळू, तिच्या आईच्या लहानपणच्या गोष्टी. मी भूगोलाचं पुस्तक उघडून बसलेली असायची. त्या वर्षी एकाच पानावर मी किती दिवस बसले, देव जाणे.

मला उष्णता व्हावी म्हणून मी काय काय केलं ते आता सांगताना हसू येतं. भर दुपारी प्लॅटफॉर्मच्या टोकाला, जिथं झाडाची सावली पण येत नाही, तिथं मी उन्हात बसले. मूठ मूठ तीळ आणि गूळ खाल्ला. वाळलेली लाल मिरची नुसती चावून बघितली. एकदा आरशासमोर नाक चोळून चोळून लाल केलं. रक्ताचा एक थेंब आला नाही. पोट तेवढं दोन दिवस बिघडलं, आणि मायनं ओव्याचं पाणी दिलं, तेही काम करता करता, शेगडीपासूनच हात लांब करून.

दिवाळीची सुटी संपल्यावर ती गोष्ट सुरू झाली. शाळेत दुपारी आम्ही दोघी लिंबाखाली डबा खायचो. गयाच्या डब्यात तुपाची मुगाची खिचडी, नाहीतर दुधीची भाजी आणि गुलकंद लावलेली पोळी. माझ्या डब्यात भाकरी, ठेचा, कारळाची चटणी. गया लहानपणापासून ठेच्यावर वाढलेली पोरगी. तिला ते सपक खाणं घशाखाली जात नव्हतं, पण मावशीनं केलंय म्हणून ती गपगुमान गिळायची. त्या दिवशी तिची नजर माझ्या ठेच्यावर खिळली होती. माझी नजर तिच्या पोळीवर.

"बदलायचं का?" मी विचारलं.

ती नको म्हणाली. मावशीला कळलं तर, म्हणाली. मी म्हटलं, कोण सांगणार, आणि एका दिवसानं काय होतंय. तिनं एक घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, नाक सुरसुरलं आणि ती इतकी खुशीत हसली की मलाही हसू आलं. मी गुलकंदाची पोळी खाल्ली. मायनं पोळीच्या कडेपर्यंत नीट गुलकंद पसरला होता, कुठं कोरडी राहू दिली नव्हती. माझ्या भाकरीवर ती ठेच्याचा गोळा नुसता ठेवून द्यायची. मी ती पोळी सावकाश खाल्ली आणि मनात म्हटलं, हे आता माझं.

एक दिवसाचे दोन झाले, दोनाचे रोज. इथपर्यंत दोघींचा दोष सारखा धरता येईल. पण पुढचं माझं एकटीचं आहे, आणि ते लिहिल्याशिवाय ह्या प्रकरणाला अर्थ नाही. महिन्याभरात गयाचं तोंड पुन्हा आलं. तिचे डोळे सकाळी लाल असायचे, विंचरताना केसांचे पुंजके निघायचे. मला कशानं होऊन राह्यलंय ते पक्कं माहीत होतं. मी थांबले नाही. उलट मायला सांगितलं की माझ्या डब्यात ठेचा जरा जास्त घाल आणि लसूण पण घाल, मला थंडीत बरं वाटतं. गया एकदा म्हणाली, आता पुरं करू, कुशे. मी म्हटलं, थंडीत तिखट बाधत न्हाई. माझ्या मनात सरळ हिशोब होता. पथ्य करूनही पोरीला गुण येत नाही असं दिसलं की माय थकेल आणि मावसाला बोलावून घेईल.

माय थकली नाही. तिनं पथ्य अजून कडक केलं. दुर्वांचा रस काढायला लागली, गयाला दुपारच्या उन्हात बाहेर जाऊ देईना. वैद्यांच्या सांगण्यात काही चूक नसेल, माझ्याच हातून काहीतरी राहून जातंय, असं म्हणून ती धने पुन्हा पुन्हा निवडायची. इकडं गयाच्या वाटचं तूप, दूध आणि गुलकंद रोज माझ्या अंगी लागत होतं. पौषात मला सर्दी झाली ती जाईना. छाती भरलेली, तोंड सुजल्यासारखं, वर्गात बसल्या बसल्या डोळे मिटायचे. मायनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मी खोकले, जरा जास्तच खोकले.

महाशिवरात्र झाली, ऊन चढायला लागलं. परीक्षा तोंडावर आली होती. एका रविवारी दुपारी बारा वाजता गया गणितं सोडवत बसली होती आणि वहीवर टपकन रक्त पडलं. नेहमीसारखं थांबेल म्हणून आम्ही डोक्यावर गार पाणी मारलं, कांदा फोडून हुंगायला दिला. थांबेना. एक पंचा भिजला, दुसरा भिजला. माय भिंतीला टेकून, गयाचं डोकं छातीशी धरून बसली होती. शेजारच्या बायका आल्या. अर्ध्या तासानं रक्त थांबलं तेव्हा गयाचे ओठ पांढरे पडले होते. मी कोपऱ्यात उभी होते. त्या अर्ध्या तासात मला हेवा वाटला नाही. पुऱ्या वर्षात तेवढाच अर्धा तास.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जालना. मायनं मलाही बरोबर घेतलं, खोकल्यासाठी. वैद्यांनी गयाची नाडी बघितली, कपाळाला आठ्या घातल्या. मग माझी बघितली. मग पुन्हा गयाची. दोघींना समोर बसवून त्यांनी आमच्या जिभा बघितल्या. माय त्यांना आपण काय काय केलं ते सांगत होती. वैद्यांनी तिला हातानंच थांबवलं आणि आमच्याकडं बघत हळूच विचारलं, "पोरींनो, तुमचे डबे एकमेकींत बदलतात का?"

मी खाली बघितलं. गया म्हणाली, "मीच मागितलं, मावशी. मला राहवलं न्हाई. कुशीचा काही दोष न्हाई."

हे खोटं होतं आणि मी ते खोटं राहू दिलं. वैद्य रागावले नाहीत. गयाला म्हणाले, पथ्य बराबर पाळलंस तर वीस दिवसांत फरक दिसेल. मला म्हणाले, एकीचं औषध ते दुसरीला बाधतं. मग मला सुंठ-मिरीचा काढा सांगितला, गोड बंद, दूध बंद, तूप बंद, दुपारची झोप बंद. वर्षभर मी वैद्यांकडून काहीतरी मिळावं म्हणून झुरत होते, ते हे असं मिळालं. अलीकडं डॉक्टर लोक नाकातून रक्त येण्याची दहा निराळी कारणं सांगतात, आणि ती खरी असतील. पण त्या म्हाताऱ्यानं दोन मनगटं धरून आमच्या डब्यांत काय होतं ते ओळखलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

येताना गाडीत गया मायच्या खांद्यावर झोपून गेली. माय खिडकीबाहेर बघत होती. बरंच अंतर गेल्यावर ती माझ्याकडं न वळता म्हणाली, "तुझी मावशी बाळंतपणात रगत जाऊन गेल्ती. माझ्या मांडीवर." एवढंच. मावशी गेली हे मला माहीत होतं, कशी गेली ते कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं आता बोलावं, पण माझ्यानं बोलवलं नाही.

दोन दिवसांनी मावसा आले. त्यांच्या गावचा कुणीतरी माणूस शेजारच्या क्वार्टरमध्ये पाहुणा आल्ता, त्यानं रविवारचा प्रकार बघून गावात सांगितला होता. मावसा उंच, वाळके, धोतर गुडघ्यापर्यंत. पाणी पिऊन झाल्यावर ते शांतपणे मायला म्हणाले, "अक्का, तुम्ही लई केलं. पण पोरगी वाळून राह्यली. एक चांगलं स्थळ आलंय. लगीन झालं की अंगातली गरमी आपोआप जाती."

माय म्हणाली की परीक्षा पंधरा दिवसांवर आलीय. मावसा म्हणाले की पेपर लिहिताना असंच रगत सुरू झालं तर तिथं कोण बघणार. पोरीला आपल्या घरात गुण आला नाही, ही गोष्ट तिच्या मनाला लागली होती. ती उठली आणि गयाचे कपडे गोळा करायला लागली. गया पेटीजवळ बसली होती. ती रडत नव्हती, पुस्तकं एकावर एक रचत होती, अगदी नीट, कडा जुळवून.

मी मधल्या दारात उभी होते. मला जे हवं होतं ते माझ्या डोळ्यांपुढं होऊन राह्यलं होतं आणि मला फक्त गप्प बसायचं होतं. मी मनात गयाची चटई गुंडाळून ठेवली, माय तुपाची वाटी घेऊन माझ्याजवळ बसलेली बघितली. खोटं कशाला सांगू, मला ते चित्र आवडलं. तेवढ्यात परभणीकडची मालगाडी आली. सगळे थांबले. मायच्या हातात गयाचा परकर तसाच, मावसांचा हात मिशीवर तसाच. पत्रे थरथरत होते, डबे संपता संपेनात. गयानं त्या आवाजात माझ्याकडं बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर मी गप्प बसले असते. राग नव्हता.

गाडी गेली. बोलणं जिथं तुटलं होतं तिथून मावसा पुढं जोडणार, त्याआधी मी म्हटलं, "मावसा, गया आजारी न्हाई. तिचं पथ्य मी मोडलं. डबे बदलायचं मीच काढलं, ती नको म्हणत होती. तिला बाधून राह्यलंय हे मला माहीत होतं, तरी मी ठेचा वाढवून घेतला."

मावसांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मला तिचं सहन होत न्हवतं."

दादा बाहेर अंगणात कंदिलाच्या काचा पुसत होते, त्यांचा हात थांबला. माय पाठमोरी होती, ती वळलीच नाही. मग त्यांनी टोपी घातली, उठले, गयाच्या डोक्यावर एकदा हात ठेवला आणि मायला म्हणाले की परीक्षेपर्यंत राहू द्या, पेपर संपले की न्यायला येतो. दारात थांबून त्यांनी अजून एक सांगितलं. "हिला मारू नका, अक्का."

मायनं मला मारलं नाही. ती त्या दिवशी माझ्याशी बोललीही नाही. गयाला कुशीत घेऊन ती रडली, आणि मी खरं बोलून सुद्धा तशीच उभी राहिले. गया पुढं पास झाली, माझ्यापेक्षा बरेच गुण जास्त घेऊन. स्थळ मागं पडलं, ती नर्सिंगला गेली, आणि सरकारी दवाखान्यात पुरी नोकरी करून निवृत्त झाली. लोक तिच्या थंड डोक्याचं कौतुक करतात. माझी आणि तिची आजही दर आठवड्याला फोनवर गोष्ट होते. त्या महिन्यांबद्दल ती कधी बोलत नाही, आणि त्याचंही मला वाईट वाटतं. इतकं मोठं मन तिलाच का मिळावं.

मावसा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मायनं आम्हाला डबे दिलेच नाहीत. दुपारची सुटी झाली तेव्हा ती स्वतः शाळेच्या फाटकातून आत आली, डोक्यावर पदर, हातात पिशवी. लिंबाखाली ती आमच्या दोघींच्या मधोमध बसली. गयाचा डबा गयाला दिला, माझा मला. परीक्षा होईपर्यंत ती रोज अशीच आली. त्या पहिल्या दिवशी मी मान खाली घालून भाकरी मोडली, पहिला घास तोंडात घातला. आधी कधी जेवताना मायनं माझ्या तोंडाकडं बघितलं नव्हतं. आता ती बघत होती.

"तिखट बराबर झालंय का?" तिनं विचारलं.

मी बराबर झालंय म्हणाले. पलीकडं गया खिचडीचा घास हातात धरून माझ्या ठेच्याकडं बघून राह्यली होती. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी लगेच ओळखलं, मी ते वर्षभर घेऊन हिंडले होते. मला तिची कीव यायला हवी होती. मी ती भाकरी अगदी सावकाश खाल्ली.